आधी पाहिले, मग वाचले



वैशाखाच्या या उकाड्यात दिवसभर अंगाची काहिली झाल्यावर संध्याकाळी तलावाकाठच्या वाऱ्याला जाऊन बसावे, हे खरे शहाणपणाचे. ते सोडून आपण या मंडपात आलात, याबद्दल आपले आभार मानतो. गेल्या काही दिवसांत येथे पाण्यावर बोलणे झाले, केळीच्या भावावर झाले, ज्ञानेश्वरीवर झाले. माझा विषय त्या मानाने अगदीच हलका आहे. दूरदर्शनवर पाहिलेली एक चमत्कारिक कथा पुढे पुस्तकात वाचली तेव्हा काय झाले, एवढेच मला सांगावयाचे आहे. कार्यवाहांना मी हा विषय कळवला, तेव्हा त्यांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली, हेही आपणापासून लपवीत नाही.

कथा कोणती, ते आपल्यापैकी पस्तिशी-चाळिशी उलटलेल्यांनी ओळखले असेल. 1994 ते 1996 या काळात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ नावाची हिंदी मालिका लागत असे. नीरजा गुलेरी यांनी ती केली होती. शिखा स्वरूप चंद्रकांता झाल्या होत्या, शाहबाज खान वीरेंद्रसिंह झाले होते, आणि अखिलेंद्र मिश्र यांचा क्रूरसिंह तर, त्या लांबलचक भुवया आणि ते ‘यक्कू’ यांसह, मुलांच्या तोंडी बसला होता. मेहरूणच्या गल्ल्या त्या वेळी ओस पडत. आमच्या आळीत चार-पाच घरी टी.व्ही. होता. ज्यांच्याकडे तो होता त्यांच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडे. ऐन वेळी वीज गेली तर आळीभर एकच हाय उठे. ती हाय मला अजून ऐकू येते.

मी त्या वेळी शाळेत मराठी शिकवीत होतो. तरुण होतो आणि नुकताच पदवी घेऊन आलेला होतो, म्हणजे जगातले सर्व वाङ्मय मला समजत होते! रविवारी सकाळी मी मुद्दाम खोलीचे दार लावून समीक्षेचे पुस्तक घेऊन बसे. माझी आई मात्र पदर खोचून, भाकरी लवकर उरकून, शेजारच्या ओसरीवर पहिल्या रांगेत असे. तिचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. श्रावणात पोथी वाचणे एवढाच तिचा वाचनाशी संबंध. मालिका पाहून आली की ती मला काही ना काही विचारी, आणि मी हूं म्हणून सोडून देई.

एका रविवारी तिने विचारले, “भाऊ, ते तिलिस्म बांधलं कोनी रे? अन् कशासाठी बांधलं?”

मी म्हणालो, “आई, त्याला काही अर्थ नसतो. उगाच मुलांना गुंगवायला काहीतरी दाखवतात.”

ती गप्प बसली. पुढे 1996 मध्ये मालिका थांबली, आणि प्रश्न तसाच राहिला. या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच छापून ठेवलेले होते, हे मला ठाऊक नव्हते. ते शोधण्याची इच्छाही मला झाली नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या एका उत्तराची उशिरा केलेली परतफेड आहे, असे समजावे.

आता त्या पुस्तकांविषयी थोडे सांगतो. देवकीनंदन खत्री यांचा जन्म 1861 सालचा. बिहारात जन्मलेला हा माणूस पुढे काशीस आला, आणि चकिया व नौगढ या भागांतील जंगलांचे ठेके त्याने घेतले. त्या निमित्ताने विंध्याच्या रानातून, पडक्या गढ्यांतून, गुहांतून त्याचे हिंडणे झाले. त्या हिंडण्यातून 1888 साली ‘चंद्रकांता’ जन्मास आली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, मध्ये आडवा येणारा दिवाणपुत्र क्रूरसिंह आणि चुनारगढचा राजा शिवदत्त, अशी ती कथा. नौगढ, विजयगढ, चुनार ही ठिकाणे कल्पनेतली नाहीत, आजही उत्तर प्रदेशाच्या नकाशावर आहेत. ‘चंद्रकांता’चे भाग चार. ते लोकांना इतके आवडले की पुढे ‘चंद्रकांता संतती’ निघाली. तिचे भाग चोवीस. चंद्रकांतेचे दोन पुत्र, इंद्रजितसिंह आणि आनंदसिंह, यांची ती कथा. 1898 साली खत्रींनी काशीत स्वतःचा ‘लहरी प्रेस’ काढला. त्यानंतर ‘भूतनाथ’ ही तिसरी कथा त्यांनी आरंभली, पण तिचे सहा भाग होतात न होतात तोच 1913 मध्ये ते वारले, आणि उरलेली कथा त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. म्हणजे मालिकेत आपण जे पाहिले त्याच्या मागे एवढा मोठा डोंगर उभा होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका लग्नाला बुऱ्हाणपुरास गेलो होतो. तेथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘संतती’च्या सहा जिल्दा एका सुतळीत बांधलेल्या दिसल्या. ‘चंद्रकांता’ही त्यांच्यावर होती. माझ्या मनात त्या ओसरीवरच्या चपला आल्या. भाव न करता मी तो गठ्ठा उचलला. आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. डोळ्याच्या पडद्याचा विकार झाल्यामुळे तिला अक्षर लागत नाही. तेव्हा पावसाळा लागल्यापासून रोज दिवेलागणीनंतर मी वाचतो आणि ती ऐकते, असा क्रम सुरू झाला. खत्रींनी आपल्या प्रकरणांना ‘बयान’ म्हटले आहे. आमच्या घरात आता ‘जेवण झाले का’ याच्या आधी ‘आज बयान किती?’ असा प्रश्न होतो. भाषा हिंदी असली तरी अडचण पडली नाही. मेहरूणमध्ये ज्याने आयुष्य काढले त्याच्या कानाला हिंदी-उर्दू परकी नसते, आणि लिपी तर आपलीच.

आता या वाचनात काय काय झाले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट चेहऱ्यांची. पुस्तक आधी वाचणारा माणूस पात्रांचे चेहरे स्वतः घडवतो. ज्याने आधी पाहिलेले असते त्याच्या मनात चेहरे भरलेले असतात, आणि ते काही केल्या हलत नाहीत. पंडित बद्रीनाथ हे नाव मी उच्चारले की आईच्या डोळ्यांपुढे इरफान खान उभा राहतो. पण पुस्तकातला बद्रीनाथ आरंभी शिवदत्ताच्या पदरी असलेल्या अनेक ऐयारांपैकी एक आहे, पुढे तो वीरेंद्रसिंहाच्या बाजूस येतो. आई पहिले काही दिवस माझ्यावर रागावे. “नाही रे भाऊ, तू चुकून दुसरंच वाचू राह्यला,” असे म्हणे. मालिकेत नवी पात्रे घातली होती, नवे प्रसंग रचले होते, आणि कथा पुस्तकापासून फार दूर गेली होती. तिच्या दृष्टीने मात्र मूळ तेच होते, आणि पुस्तकच वाट चुकलेले होते!

हे ऐकून मी आधी हसलो, पण नंतर विचारात पडलो. कारण हीच आपली जुनी रीत आहे. आपल्यापैकी कोणी रामायण आधी वाचले? आपण ते आधी पाहिले. कोणी कीर्तनात पाहिले, कोणी लळितात पाहिले, पश्चिम खानदेशात भोवाड्याच्या सोंगांत पाहिले. रावणाचा मुखवटा आधी आणि पोथी नंतर. ज्याने सोंगातला रावण पाहून पोथी उघडली, त्याला पोथीत वेदज्ञ रावण भेटला, आणि त्याचे रावणाविषयीचे मत एका घडीत दुप्पट खोल झाले. पाहिलेला चेहरा पुस्तकात पुसला जात नाही, त्याच्या मागे एक मन येऊन बसते. सहा महिन्यांनी आईने मला सांगितले की बद्रीनाथ दिसतो तसाच, पण आता तो ‘जास्त समजतो’. याहून चांगली समीक्षा मला लिहिता आली नसती.

आणखी एक गंमत झाली. मालिकेचे नाव चंद्रकांता, तेव्हा पडद्यावर सारा प्रकाश तिच्यावर. पुस्तकात आईला सापडली ती चपला. चपला ही चंद्रकांतेची सखी, आणि स्वतः ऐयारा. ती वेष पालटते, पाठलाग करते, पुरुष ऐयारांना चकवते. ‘संतती’त तर कमलिनी आली, आणि आईने चंद्रकांतेला जवळजवळ निरोपच दिला. “राजाची पोरगी रडती, अन् कामं या करत्या,” असा तिचा अभिप्राय पडला.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. मालिका आपल्याला रविवारपर्यंत थांबवून ठेवत असे. आपण समजतो की ही युक्ती टी.व्ही.वाल्यांची. ती खत्रींची आहे. त्यांची पुस्तके भागाभागांनी निघत. कोणी बेशुद्ध पडलेला आहे, कोणी भुयारात कोंडला गेला आहे, अशा जागी ते भाग तोडीत. मधूनच वाचकाशी बोलत, याला येथेच सोडू आणि त्याच्याकडे जाऊ म्हणत. आमच्या घरी मीही तीच लबाडी शिकलो. बयान संपण्याआधी एक पान राखून पुस्तक मिटावयाचे! आई म्हणते की लहानपणी मी इतका दुष्ट नव्हतो.

पण या दोन वाटांत एक फरक आहे. टी.व्ही.ची वाट पाहताना माणूस काही करू शकत नाही. पुस्तकाची वाट पाहताना तो मागची पाने चाळतो. ‘संतती’त शेकडो माणसे आहेत, आणि निम्मी कधी ना कधी दुसऱ्याच्या वेषात आहेत. जो आता बोलतो आहे तो खरोखर तोच आहे का, हा संशय वाचकाने सतत जागा ठेवावा लागतो. आई हिशेब ठेवते. मी विसरतो, ती विसरत नाही. “थांब, त्याला तर तळघरात कोंडेल होतं, मंग हा कोण?” असे ती विचारते, आणि दोन बयानांनंतर खत्री सांगतात की तो खरोखरच दुसरा होता. चौथी शिकलेल्या बाईची बुद्धी काय आहे, हे मला साठी उलटल्यावर एका चमत्कारिक कादंबरीने दाखवले.

तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे, आणि येथे थोडे थांबावे लागेल. मालिकेत चमत्कार होते. ठिणग्या, धूर, अदृश्य होणे, हातातून निघणारा प्रकाश. पाहणाऱ्याने ‘जादू’ म्हणावे आणि पुढे जावे, अशी ती मांडणी. पुस्तक उघडले, आणि मला आश्चर्य वाटले. खत्री जादू मानतच नाहीत. त्यांच्या ऐयाराजवळ मंत्र नसतो, बटवा असतो. बटव्यात वेष पालटण्याचे रंग, बेशुद्ध करणारी बुकणी, आणि शुद्धीवर आणणारा ‘लखलखा’, म्हणजे हुंगवावयाचे औषध. कंबरेला ‘कमंद’ म्हणजे भिंत चढण्याची दोरी. ऐयार म्हणजे काय, हे खत्रींनी पहिल्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. त्याला गाणे यावे, धावणे यावे, औषधे माहीत असावीत, हेरगिरी यावी, आणि राजांची भांडणे त्याने रक्त न सांडता चातुर्याने मिटवावीत. पकडलेल्या ऐयाराला कोणी मृत्युदंड देत नसे, कैदेत ठेवी. बहिर्जी नाईकांचे नाव घेताच ज्यांची मान ताठ होते त्या आपल्याला हा माणूस परका वाटावयास नको.

खानदेशाच्या इतिहासातही अशी एक ऐयारी घडलेली आहे, फक्त तिचा शेवट कडू आहे. बुऱ्हाणपुराजवळचा असीरगड आपण आगगाडीतून जाताना पाहिला असेल. हा गड आसा अहीर नावाच्या धनवान सरदाराचा. इ. स. 1400 च्या सुमारास नासिरखान फारुकीने त्याला निरोप पाठवला की, माझ्या घरच्या बायकांना शत्रूपासून भय आहे, त्यांना तुझ्या गडावर आसरा दे. भोळ्या आसाने होकार दिला. डोल्या गडावर चढल्या, आणि पडदे बाजूस सारून आतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. आसा मारला गेला, त्याचे मुलगेही मारले गेले. फरिश्त्याने आपल्या तवारिखेत ही हकिकत दिली आहे. मी ती आईला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे ऐयार नाही म्हनायचे. ज्यानं आसरा दिला त्याला मारत्या का?” खत्रींचे ऐयार आपला धर्म पाळतात आणि इतिहासातले पाळत नाहीत, हा भेद तिने एका वाक्यात केला.

आता तिलिस्माकडे येतो. ‘संतती’त एक तिलिस्मी खंजीर आहे. मूठ दाबली की त्यातून लख्ख उजेड पडतो, आणि ज्याला तो लागेल तो झटका बसून खाली कोसळतो. धरणाऱ्याला मात्र काही होत नाही, कारण त्याच्या बोटात जोडीची अंगठी असते. पडद्यावर असा खंजीर पाहिला तर आपण त्याला दैवी म्हणू. पुस्तकात तो वाचताना आम्हां दोघांनाही एकाच वेळी विजेच्या तारेची आठवण झाली. ज्या काळात आपल्या गावांत वीज आलेली नव्हती, त्या काळात काशीत बसून एक ठेकेदार हे लिहीत होता. त्याचे तिलिस्मी वाडे तसेच. दगडाचा पुतळा मान वळवतो, जमीन सरकते, भिंतीतून पाणी येते, आणि पुढे कोठेतरी कळते की आत कळ आहे, साखळी आहे, पाण्याचा दाब आहे. हे कोणीतरी बांधले आहे.

आपण खानदेशची माणसे हे समजू शकतो, कारण असली बांधकामे आपल्या आसपास आहेत. बुऱ्हाणपुरास कुंडी भंडारा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, कसलेही यंत्र न लावता, केवळ उताराच्या हिशेबाने शहरात आणले, आणि वरून ठिकठिकाणी कुंड्या खणल्या. आत उतरले की शेजारच्या कुंडीचा उजेड दूर पाण्यावर दिसतो. एरंडोल तालुक्यातील फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती आपल्यापैकी जुन्या माणसांना माहीत आहे. एक मनोरा हलवला की दुसरा हले. लहानपणी आम्हांला कोणी सांगितले की ते भुताचे काम आहे. शाळेत एका गुरुजींनी सांगितले की ते गवंड्याचे काम आहे. मला खरी भीती दुसऱ्या उत्तराने वाटली, कारण भुताला सर्वच येते, पण माणसाने हे कसे केले असेल?

मालिका पाहून मग पुस्तक वाचण्यातला मोठा लाभ मला हाच दिसतो. पाहताना विस्मय वाटला, आणि वाचताना त्या विस्मयाचा कारागीर सापडला. विस्मय कमी झाला नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे वळतो. तिलिस्म बांधले कोणी, आणि कशासाठी?

खत्रींनी याचे उत्तर पात्राच्या तोंडून दिले आहे. त्याचा आशय असा. ज्याच्याजवळ अमाप धन आहे, पण ते सांभाळण्यास योग्य वारस नाही, तो तिलिस्म बांधवतो. तो ज्योतिषी, वैद्य, कारागीर बोलावतो आणि पुढे कधीतरी जन्मणाऱ्या एखाद्या योग्य माणसासाठी ते धन अशा रीतीने कोंडून ठेवतो की त्याच्यावाचून ते कोणास मिळू नये. आणि ते उघडावयाचे कसे? तलवारीने नाही. ते उघडण्याची रीत एका पुस्तकात लिहिलेली असते. वीरेंद्रसिंहाला असे पुस्तक मिळाले, म्हणून तो तिलिस्म तोडू शकला. त्याच्या मुलांच्या कथेत तर ‘रिक्तग्रंथ’ नावाचा रक्ताने लिहिलेला ग्रंथ आहे, आणि त्यासाठी सारी माणसे जिवावर उदार झालेली आहेत.

हे बयान वाचून झाले तेव्हा मी पुस्तक मिटले. आईला म्हणालो, “आई, तू तीस वर्षांपूर्वी विचारलं होतंस.” ती म्हणाली, “मंग? तू सांगितलं नाही, त्यानं सांगितलं.”

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. त्याच 1995 च्या सुमारास एका वाचनालयाच्या पुस्तक-निवडीत मला बसवले होते. वाचकांनी मागणीच्या वहीत ‘चंद्रकांता’ हे नाव अनेक वेळा लिहिले होते. एक-दोन सह्या तर अशा होत्या की लिहिणाऱ्याचा हात अक्षराला सरावलेला नाही हे उघड दिसत होते. मी त्या नावावर लाल रेघ मारली. शेरा लिहिला, ‘वाङ्मयीन मूल्य नाही.’ कोणी विरोध केला नाही, कारण मी मास्तर होतो. ती माणसे पुन्हा आली की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या मनात प्रश्न जागा झाला होता, त्यांनी येऊन दार ठोठावले होते, आणि मी आतून कडी लावली. आपल्या विद्येचा मी केलेला हा सर्वांत वाईट उपयोग आहे.

माझ्या शेऱ्याला आधार नव्हता असे नाही. हिंदीचे मोठे समीक्षक आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी खत्रींच्या कादंबऱ्यांविषयी जवळजवळ हेच म्हटले आहे. तेथे घटनांची विचित्रता आहे, रस नाही, स्वभावचित्रण नाही, म्हणून त्या खऱ्या साहित्यात जमा होत नाहीत, असा त्यांचा अभिप्राय. पण शुक्लजी प्रामाणिक होते. त्याच जागी त्यांनी हेही नोंदवले की हिंदीला जितके वाचक या माणसाने मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, आणि केवळ ‘चंद्रकांता’ वाचता यावी म्हणून किती तरी लोक हिंदी शिकले. मी शुक्लजींचे पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे सोडून दिले.

आपल्या मराठीतही हाच प्रकार झाला. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. पुढे हरिभाऊ आपटे आले आणि मराठी कादंबरी घरात, माजघरात, विधवेच्या दुःखात शिरली. ते थोर काम होते, त्याविषयी दुमत नाही. पण त्यानंतर अद्भुताला आपण बालवाङ्मयाच्या कपाटात बसवले, आणि किल्ली हरवली. ज्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणावयास घेतल्या, ते पंडित होते. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. तो आम्हांला वाटला.

आता आजच्या मुलांविषयी दोन शब्द सांगतो आणि संपवतो. माझी एक भाची पुण्यास शिकते. तिने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही अमेरिकन मालिका पाहिली, आठही सत्रे, आणि मग जॉर्ज मार्टिन यांची मूळ पुस्तके घेतली. तिची गोष्ट आमच्या गोष्टीच्या नेमकी उलट आहे. आमची मालिका थांबली आणि पुस्तके पुढे पसरलेली होती. तिची मालिका 2019 मध्ये शेवटास पोहोचली, पण पुस्तके पाचव्या भागावर, 2011 सालावर, उभी आहेत. योजलेल्या सात भागांपैकी दोन अद्याप आलेले नाहीत. म्हणजे तिला शेवट ठाऊक आहे, आणि तो लेखकाचा शेवट असेल की नाही हे ठाऊक नाही. मी विचारले, “मग वाचतेस कशाला?” ती म्हणाली, “मामा, मालिकेत माणसे काय करतात ते दिसले. ती तसे का करतात, ते पुस्तकात आहे.” मला तिच्या आजीचा बद्रीनाथ आठवला. हजारो मैलांवरची पुस्तके, पण दोघींनी सांगितले एकच.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. मूल पडद्यावर काही पाहते, आणि उठून विचारते, हे कोणी बांधले, तो असे का वागला, पुढे काय झाले. तो प्रश्न चार दिवस गरम असतो, मग थंड होतो. त्या चार दिवसांत त्याच्या हाती पुस्तक पडले पाहिजे. ‘हे बघण्यापेक्षा काही चांगले वाच,’ असे आपण म्हणतो, आणि जे पुस्तक त्याला नको आहे ते देतो. त्याला हवे असलेले द्यावे. ते भाषांतरित असो, हिंदी असो, जाडजूड असो, आपल्या मते हलके असो. आपल्या वाचनालयांत मागणीची वही आजही असते. तिच्यावर लाल रेघ मारण्याचा अधिकार ज्यांच्या हाती असेल, त्यांनी रेघ मारण्याआधी अर्जदाराचे अक्षर एकदा नीट पाहावे, एवढी माझी विनंती आहे.

खत्रींनी सांगितलेले ते कारण माझ्या मनातून जात नाही. धन आहे, वारस अजून जन्मलेला नाही, म्हणून ते जपून ठेवावे आणि उघडण्याची रीत पुस्तकात लिहून ठेवावी. वाचनालय तरी दुसरे काय असते? 1888 साली काशीत कोंडून ठेवलेले धन मेहरूणच्या एका म्हातारीच्या वाट्याचे होते. मधल्या दारावर तिचाच मुलगा पहारा करीत बसला होता, म्हणून तीस वर्षे उशीर झाला.

माझी वेळ संपत आली आहे. अध्यक्ष महाराजांनी घंटी वाजवलेली नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मलाच घाई आहे. आम्ही ‘संतती’च्या सतराव्या भागात आहोत, आणि काल मी नेहमीप्रमाणे एक पान राखून पुस्तक मिटले. निघताना आईने सांगितले आहे, “लोकांले तू काय सांगायचं ते सांग, पन बयानाच्या आत घरी ये.”